१५ लिटरची बादली, ५२ सेकंद

पहिला दिवस : शुक्रवार

पिरनवाडी मागे पडली आणि टेम्पोच्या हौद्यातली काळ्या पाईपची नऊ वेटोळी प्रत्येक वळणाला एकमेकांवर घसरायला लागली. एकेक वेटोळं शंभर मीटरचं. त्यांच्या मधल्या पोकळीत आमच्या सॅका, दोन हॅकसॉ, टेफलॉनची रिळं आणि कुंद्याचे, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचे, तीन डबे कोंबलेले. किणये गेलं, कुसमळीला मलप्रभा ओलांडली, जांबोटीला चहा झाला. तिथून पुढे दोन्ही बाजूंना जंगल सुरू होतं आणि मोबाईलची रेंज जाते.

आम्ही आठ जण. चौघं बेळगावची, तिघं पुण्याची आणि धारवाडला कायद्याचं शिक्षण घेणारी एक कन्नड मुलगी. मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब बघते. प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी आली, म्हणून चार दिवस काढता आले. गावाचं नाव लिहीत नाही, गावानंच तसं सांगितलंय. पावसाळ्यात चोर्ल्याच्या बाजूला धबधब्यांसाठी येणाऱ्या गाड्या आणि त्यांच्या मागे उरणाऱ्या बाटल्या त्यांनी पुरेशा पाहिल्यात. कणकुंबीच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून पाऊण तास आत चालत, ३४ घरं, १६० माणसं. एवढं कळलं तरी पुरे.

टेम्पो रस्त्यालाच थांबला. पुढे ओहोळ, आणि त्याच्यावर साकव. दोन लांब ओंडके, वर आडव्या फळ्या, हाताला धरायला बांबू. दरवर्षी पावसाआधी गाव हा साकव नव्यानं बांधतं आणि एखाद्या आषाढात तो वाहून जातो. मग ओहोळ उतरेपर्यंत गाव पलीकडं आणि दवाखाना अलीकडं. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी खांद्यावरून कित्येक मैल चालवत रस्त्यापर्यंत आणलं होतं, ती बातमी बेळगावात सगळ्यांनी वाचली. इथल्या लोकांना ती वाचावी लागली नाही. त्यांच्या प्रत्येक घरात तशी एक गोष्ट आहे.

साकवाच्या टोकाला गावातले वीसेक जण उभे होते. एकेक वेटोळं दोघांनी मधे काठी घालून खांद्यावर घेतलं. मी हात लावायला गेले तर एका मामांनी अडवलं, “बाई, तुम्ही रिकाम्या या. वाट बघून पाय टाका, तेवढंच करा.”

या गावात मी दुसऱ्यांदा येत होते. चार वर्षांपूर्वी ‘डोंगरातल्या गावासाठी तीन दिवस’ अशा एका सहलीला मी पैसे भरून आले होते. आयोजकांचं नाव घेत नाही. आम्ही पंचवीस जणांनी शाळेच्या भिंती रंगवल्या. एका भिंतीवर भारताचा नकाशा, दुसरीवर मुळाक्षरं, दारापाशी सूर्यफुलं. गावानं आम्हाला दोन वेळ जेवू घातलं. त्या जेवणाचे पैसे गावाला मिळाले नाहीत हे मला या वेळी कळलं, आणि ते ऐकताना घास गिळवेना.

संध्याकाळी शाळेपाशी गेले. सूर्यफुलं जागेवर होती. नकाशावरून मात्र वरपासून खालपर्यंत तपकिरी ओघळ उतरले होते आणि राजस्थानच्या जागी पोपडे निघाले होते. मी वर बघितलं. फुटक्या कौलांतून आभाळ दिसत होतं.

ज्या आक्कांकडे आम्ही बायका उतरलो होतो त्या माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. “तुम्ही रंगवलासा तवाच वरनं गळत होतं की. साठ-सत्तर कौलं लागली असती.”

“मग तेव्हा सांगितलं का नाही, आक्का?”

“इचारलं कुणी? रंगाचे डबे घेऊनच आलासा.”

कौलं खानापूरला होतात. खानापूरच्या मातीची कौलं आणि विटा हा तिथला जुना धंदा आहे, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही तिथं आहे. म्हणजे हव्या त्या गोष्टीवरून आमची बस रंगाचे डबे घेऊन पुढे आली होती. त्या रात्री मला झोप आली नाही. आपण कुणाचं नुकसान केलं असं नाही, पण पंचवीस माणसांचे तीन दिवस आणि त्या गावाचं तीन दिवसांचं धान्य, यातून एक गळकी शाळा कोरडी झाली नाही.

दुसरा दिवस : शनिवार

या वेळचं काम गावानं ठरवलेलं होतं. दिवाळीनंतर आमच्यातले दोघं नुसते बसून बोलायला आले होते, तेव्हा स्त्रीशक्ती संघातल्या, म्हणजे बचतगटातल्या, बायकांनी एकमुखानं पाणी सांगितलं. पुरुषांनी आधी रस्ता सांगितला होता. मग बायकांनी विचारलं, रस्ता कोण देणार, हे आठ जण? पाण्याचं आपल्या हातात हाय, ते आधी करूया.

सकाळी झऱ्यावर गेलो. गावाच्या वरच्या अंगाला काजूच्या बागेत, खाजगी जमिनीत, जांभ्याच्या कड्याखाली तो फुटतो. बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो की कर्नाटकातला सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या पट्ट्यांपैकी हा एक, मग इथं उन्हाळ्यात पाणी कसं नाही? उत्तर पायाखाली आहे. वरचा जांभा सच्छिद्र, पडलेलं पाणी तो पिऊन घेतो. त्याच्याखाली शेडीचा, म्हणजे चिकणमातीचा, चिकट थर, तो पाणी आत सोडत नाही. म्हणून जांभा आणि शेडी जिथं भेटतात तिथं डोंगराच्या कुशीतून झरा बाहेर पडतो. पण जांभा धरून ठेवत नाही. आलं तसं सोडून देतो. मार्चपासून धार बारीक होत जाते.

या डोंगराच्या एका बाजूचं पाणी मलप्रभेला जातं. ती कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगम पावते, नविलुतीर्थाच्या धरणात साठते आणि हुबळी-धारवाडची तहान भागवून कूडलसंगमला कृष्णेला मिळते. दुसऱ्या बाजूचं म्हादईतून गोव्याला. म्हादईच्या पाण्यावर लवाद बसला, २०१८ साली त्याचा निवाडा आला, कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) असं ठरलं. इथल्या बायका ते आकडे ऐकतात आणि डोक्यावर घागर, काखेत कळशी घेऊन पाऊण किलोमीटर उतरतात. दिवसातून पाच खेपा. मी एकच खेप करून बघितली. उतारावर मान ताठ ठेवून पायाखालचं दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक दगड पावलानं चाचपावा लागतो. एका खेपेत माझी मान आखडली.

दारोदारी नळाचे खांब आहेत. सरकारी योजनेत आलेले, निळ्या पाईपचे. नळ आला, पाणी आलं नाही, कारण खाली मारलेली बोअर दुसऱ्याच उन्हाळ्यात कोरडी पडली.

आक्कांनी आणलेली बादली १५ लिटरची. मोबाईलवर सेकंद लावून तीन वेळा भरली : ५३, ५२, ५२. म्हणजे मिनिटाला साधारण १७ लिटर, चोवीस तासांत जवळपास २५ हजार. पुण्याचा एक मुलगा खूष झाला. जलजीवन मिशन या सरकारी नळपाणी योजनेचं माप माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे १६० माणसांना ८,८०० लिटर. “तिप्पट आहे की!” आक्का काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे माघातलं झालं. मे महिन्यात बादली लावून मी शेणी थापाय जाते. परत येते तवा भरती.” किती शेणी, असं आम्ही विचारलं. त्यांनी बोटांवर मोजलं. मग त्या हातवारे करून थापत गेल्या आणि आम्ही घड्याळ बघत राहिलो. चार मिनिटं भरली.

चार मिनिटांना १५ लिटर म्हणजे दिवसाला ५,४०० लिटर. माणशी ३३-३४. तेही रात्रीचं पाणी वाया जाऊ दिलं नाही तर. बायका दिवसा भरतात, रात्री दहा तास धार तशीच मातीत जाते, म्हणजे मे महिन्यात सव्वादोन हजार लिटर. टाकी कशाला आणि केवढी, हा प्रश्न तिथंच सुटला : ५,००० लिटरची एक, गावाच्या वरच्या अंगाला. या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त शिकवलं ते त्या शेणी थापायच्या हातवाऱ्यांनी. आमच्याकडे जानेवारीतलं माप होतं, आक्कांकडे बारा महिन्यांचं.

पंप लावायचा, सोलरवर, असंही एकानं सुचवलं. गावातल्या गवंडीमामांनी पारदर्शक नळीत पाणी भरून पाणसळ धरली आणि टप्प्याटप्प्यानं खाली येत दाखवलं की झरा टाकीपेक्षा बराच वर आहे. “पाणी आपल्या पायानं येतंय. त्याला पाठीवर कशाला घ्यायचं?” पंप बिघडला की जांबोटीहून माणूस आणावा लागणार, ही गोष्टही होतीच.

दुपारपर्यंत झऱ्याशी चिऱ्यांची लहान चौकट बांधली. आत आधी गोटे, वर खडी, पाईपच्या तोंडाला जाळी, वर झाकण, आणि पानं-गुरं येऊ नयेत म्हणून कुंपण. चौकटीतून ओसंडणारं पाणी गुरांच्या डोणीत सोडलं. डोणीची आठवण एका गवळी-धनगर आजोबांनी केली. आमच्या आराखड्यात गुरं नव्हतीच.

मग जोड. नऊ वेटोळ्यांना आठ जोड आणि दोन्ही टोकं. पाईप हॅकसॉनं सरळ कापायचा, तिरका कापला तर रबरी रिंग बसत नाही. कापलेल्या कडेचे ओरखडे चाकूनं काढायचे, नट सरकवायचा, रिंग, मग कपलर, मग दोन्ही बाजूंनी आवळायचं. पहिला जोड गवंडीमामांनी केला. दुसरा मी हातात घेतला, तर आक्कांनी पान्हा माझ्याकडून काढून घेतला. “तू सोमवारी जाणार. मला शिकू दे.” मी पाईप धरून बसले. पहिल्यांदा रिंग उलटी गेली, दुसऱ्यांदा नट आडवा चढला. तिसऱ्यांदा जमलं, आणि त्यांनी शेजारच्या सुनेला हाक मारली, “ये गे, तूपण बघ.” गावातले बरेच तरुण गोव्यात कामाला आहेत, कोण हॉटेलात, कोण बांधकामावर. गणपतीला आणि शिमग्याला येतात. गावात कायम असतात त्या बायका. जोड त्यांच्याच हातात बसायला हवा होता. संध्याकाळपर्यंत त्या दोघींनी पाच जोड केले.

रात्री नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, भिरंडाची (कोकमाची) कढी. आमचं जेवण-राहणं माणशी दिवसाला ५०० रुपये, आणि ते पैसे ज्या घरी उतरलो त्या घरच्या बाईच्या हातात रोजच्या रोज. हे आम्ही आधीच ठरवलं होतं.

जेवल्यावर एक पिशवी बाहेर आली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. आत कागद, सगळे कन्नडमध्ये. पंचायतीची पत्रं, वनखात्याची पत्रं, साकवाच्या जागी पक्का पूल मागितल्याचे अर्ज आणि त्यांची उत्तरं. गावाची भाषा मराठी, त्यात कोकणीची सरमिसळ. जुनी माणसं कन्नड बोलतात तेवढी, वाचत नाहीत. धारवाडची मुलगी कंदिलाशी सरकून बसली आणि एकेक कागद वाचून तिला येणाऱ्या मोडक्या मराठीत सांगू लागली. मी तिचं मराठी सावरत होते. कर्नाटक-महाराष्ट्र वादावर मी लहानपणापासून कितीतरी भाषणं ऐकली आहेत. मराठी माणसाला त्याचा कागद त्याच्या भाषेत मिळाला पाहिजे, हे मला आजही मनापासून वाटतं. पण त्या रात्री त्या कागदांचं कुलूप उघडलं ते एका कन्नड मुलीनं, आणि ती जे करत होती ते आमच्यातल्या कुणालाही जमलं नसतं.

एक पत्र तिनं दोनदा वाचलं. पुलाला वनजमीन लागते म्हणून परवानगी नाही, असा त्याचा मतलब होता. ती म्हणाली, यावर एक वाट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. रस्ता, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याच्या पाण्याची पाईपलाईन अशा गावाच्या सोयींसाठी एका जागी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. “अर्जात हे कलमच लिहिलेलं नाही. ग्रामसभेचा ठरावही जोडलेला नाही.” घरात शांतता पसरली. सहा वर्षं ते अर्ज करत होते.

मग बोलणं लांबत गेलं. भीमगड अभयारण्य २०११ साली झालं, हे गाव त्याच्या हद्दीबाहेर, पण जंगल दाराशीच. गवे भातात येतात, अस्वलाची भीती आहेच. आत तळेवाडीतल्या कुटुंबांनी सरकारी भरपाई घेऊन बाहेर पडायला होकार दिला, त्यावर प्रत्येकाचं मत वेगळं. एका तरुणाला ते पटत होतं, त्याच्या मुलीला शाळेसाठी आताच मावशीकडे ठेवावं लागलंय. आजोबांना पटत नव्हतं. मला वाटतं, यात बाहेरून आलेल्या माणसानं ऐकावं, बोलू नये.

तिसरा दिवस : रविवार

पाईप टाकायचा दिवस. पायवाटेच्या कडेनं हातभर खोल चर, कारण उघडा पाईप उन्हानं कडक होतो आणि गुरांच्या खुरांनी फुटतो. घरटी एक माणूस आला होता. आमच्या हाताला दहा वाजेपर्यंत फोड आले. दुपारी तीनला चर बुजवून झाला, टाकी चिऱ्यांच्या ओट्यावर बसली, वरचा वॉल उघडला. सगळं गाव टाकीपाशी. पाईपचं तोंड कोरडं.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. पोरं कान लावून बघत होती. वर निरोप गेला, चौकटीतून पाणी पाईपात शिरतंय. खाली थेंब नाही. कुठला जोड सुटला असेल, पुन्हा सगळा चर उकरावा लागेल, या विचारानं माझ्या पोटात गोळा आला. एक बाई शांतपणे घागर उचलून झऱ्याच्या वाटेला लागली. तिला रात्रीचं पाणी हवंच होतं.

गवंडीमामा मात्र चर धरून वर चालत निघाले, मागे आम्ही. मधे एके ठिकाणी वाट थोडी चढते आणि पुन्हा उतरते. तिथं ते थांबले. “इथं वारं अडकलंय.” पाईपच्या उंचवट्यावर हवा कोंडते आणि मागून येणारं पाणी तिला ढकलू शकत नाही. आक्कांनी तिथला जोड उकरला, तो त्यांचाच होता, आणि नट अर्धा सैल केला. आधी फुस्स असा आवाज. मग थुंकल्यासारखे दोन-चार थेंब. मग हवा आणि पाणी एकत्र, आक्कांच्या तोंडावर, चोळीवर. त्या डोळे मिटून तशाच बसून राहिल्या, पान्ह्यावरचा हात न काढता. सलग धार लागल्यावर त्यांनी नट आवळला. खालून ओरडा ऐकू आला.

त्या जागी हवा सोडायला एक छोटा वॉल हवा. तो आमच्याकडे नव्हता. तोवर दोघींपैकी कुणीतरी येऊन नट सैल करायचा, असं ठरलं.

टाकीतलं पाणी पहिल्यांदा देवाला, मग आजोबांच्या डोणीला, मग घागरींना. कुंद्याचे डबे तेव्हा उघडले.

चौथा दिवस : सोमवार, २६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन झालं. मुलं अकरा. मास्तर कणकुंबीच्या बाजूनं चालत आले होते. त्यानंतर तिथंच, गळक्या छपराखाली, गावाची बैठक. घरटी महिन्याला २० रुपये, जमा स्त्रीशक्ती संघाच्या पेटीत. दर पंधरा दिवसांनी चौकट साफ करायची, दोन-दोन घरांची पाळी. मार्चनंतर आधी पिण्याचं, मग बाकी, आणि भांडण झालं तर निवाडा बायकांचा. पुलाचा ठराव ग्रामसभेत मांडायचा, मसुदा कन्नडमध्ये, आणि सही-अंगठ्याआधी तो मराठीत वाचून दाखवायचा. धारवाडच्या मुलीनं मसुदा तिथंच लिहिला. शाळेच्या कौलांचे पैसे आम्ही चौघं बेळगावकरांनी तेवढ्यात काढले. कौलं टेम्पोनं रस्त्यापर्यंत येतील, पुढची वाट गावाची, चढवणार गवंडीमामा.

निघताना आक्कांनी एक वही दाखवली. शाळेची, चौकटीच्या कागदाची. सुनेच्या अक्षरात पहिली ओळ : २४ जानेवारी, बादली १५ लिटर, ५२ सेकंद. दर महिन्याच्या २४ ला मोजायचं त्यांनी ठरवलंय.

परत आल्यावर

२४ फेब्रुवारीचा निरोप आला, रेंजसाठी सून टेकाडावर चढून गेली होती. ७१ सेकंद. त्याच निरोपात, कौलं बसली, सहा उरली, ती ठेवली आहेत. ग्रामसभा झाली, ठराव झाला, कागद पुढे गेला.

कालचा निरोप : २४ मार्च, १ मिनिट ५० सेकंद. पाईपच्या तोंडाची जाळी खेकड्यानं कुरतडलीय, दुसरी आणा, जरा जाड. हवेचा वॉलपण आणा. रंग नको.

शनिवारी सकाळच्या गाडीनं जांबोटीला जातेय. जाळी घेऊन झाली, वॉल आज फौंड्रीशेजारच्या दुकानात मिळेल.